हातमाग, पैठणी, खण, घोंगडी आणि आजचं डिझाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत हातमागाच्या कापडापासून कपडे आणि घरातल्या वस्तू तयार होतात. कापड येवला, आंधळगाव, गुळेदगुड्ड, इलकल अशा ठिकाणच्या विणकरांकडून येतं. त्यामुळे फोनवर आणि प्रदर्शनात तेच ते प्रश्न येत राहतात. निम्मे लोक लक्ष्मी रोडवर घेतलेल्या साडीचा फोटो पाठवून "ही खरी आहे ना?" असं विचारतात. बाकीच्यांना शिवायचं, विणून घ्यायचं किंवा सांभाळायचं कसं ते हवं असतं. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हातमाग, पॉवरलूम आणि खादी यांत नेमका फरक काय?

हातमाग विणकराच्या हातापायांवर चालतो. पायाने पावडी दाबून ताण्याचे, म्हणजे उभे धागे वर-खाली करायचे, मधून आडव्या धाग्याची कांडी असलेला धोटा टाकायचा आणि फणीने तो आडवा धागा, म्हणजे बाणा, ठोकून बसवायचा. पॉवरलूमवर हेच काम विजेवर होतं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही आपल्याकडची पॉवरलूमची मोठी गावं. खादी हातमागावरच विणतात, पण तिचं सूतही हाताने कातलेलं असावं लागतं. हातमागाच्या इतर कापडाला गिरणीचं सूत चालतं. म्हणजे खादी ही हातमागाचीच, पण हातमागाचं सगळं कापड खादी नसतं.

पॉवरलूमचं कापड वाईट, असं आम्ही कधीच म्हणत नाही. रोजच्या वापराला ते लागतंच. ते हातमागाच्या नावाने आणि हातमागाच्या भावाने विकलं जातं, त्याला मात्र आमचा विरोध आहे.

२. पैठणी सोडली तर महाराष्ट्राचं हातमागाचं कापड कोणतं?

विदर्भातली करवती टसर साडी आम्हाला फार जवळची. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांतून टसर निघतं. त्याचा मूळ रंगच इतका सुंदर मधासारखा असतो की तो रंगवावासा वाटत नाही. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते आणि ती विणायला तीन धोटे लागतात. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावसारख्या गावांत हे काम चालतं.

छत्रपती संभाजीनगरचा हिमरू सुती ताण्यावर रेशमी नक्षीचा असतो. मागच्या बाजूला धागे मोकळे राहतात, म्हणून त्याला अस्तर लागतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण आज बाजारात दिसणारी बहुतेक चादर पॉवरलूमवरची असते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागातली घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. तिच्याबद्दल प्रश्न १४ मध्ये लिहिलं आहे.

इरकल आणि खण आपण इतकी वर्षं वापरतो की ते आपलेच वाटतात. पण ते विणले जातात कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल आणि गुळेदगुड्ड इथे. गिऱ्हाइकाला हे सांगताना कुणी कचरू नये. कापड वापरणारे आपण आणि विणणारे ते, हे नातं फार जुनं आहे.

३. नारायणपेठी साडी पुण्याच्या नारायण पेठेतली का?

नाही. ती तेलंगणातल्या नारायणपेठ गावची. शिवाजी महाराजांच्या दक्षिणेतल्या मोहिमेतले काही विणकर तिथे स्थायिक झाले, अशी एक कथा सांगतात. तिचे काठ मराठी डोळ्यांना ओळखीचे वाटतात हे खरं, पण आपल्या पेठेशी तिचा संबंध नाही.

४. पैठणी हातमागावरची आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

पदर उलटा करा. बहुतेक उत्तर तिथेच मिळतं.

हातमागाच्या पैठणीत पदरावरच्या प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली असते, म्हणजे त्या रंगाच्या धाग्याची छोटीशी कांडी. मोराची मान निळी असेल तर निळी तिल्ली तेवढ्या मानेपुरतीच जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि मागे फिरते. पदराच्या एका ओळीत अशा डझनावारी तिल्ल्या मागावर लटकत असतात. रंग आपापल्या जागेपुरताच फिरत असल्यामुळे मागे लोंबणारा धागा उरत नाही आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

'सेमी पैठणी' म्हणून जी मिळते, तिच्यात नक्षीचे धागे मागच्या बाजूने एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत सरळ धावतात. ते तसेच मोकळे राहिलेले दिसतील, किंवा कापलेल्या टोकांमुळे मागची बाजू केसाळ लागेल. पुष्कळदा हे झाकायला आतून बारीक जाळी लावलेली असते. आतून जाळी दिसली की आधी ती उचलून बघा.

दुसरी खूण म्हणजे शेजारशेजारचे दोन मोर नीट निरखा. हाताने विणलेल्या मोरांत चोचीचा कोन, डोळ्याचा ठिपका, पिसाऱ्याची एखादी पायरी यांत उन्नीस-बीस फरक असतोच.

काठाजवळच्या टाचणीसारख्या भोकांवर मात्र विसंबू नका. कापड विणताना ते ताणून धरणाऱ्या पट्टीची ती भोकं असतात आणि हातमागाची हमखास खूण म्हणून दुकानात दाखवली जातात. पॉवरलूमवरही कापड ताणून धरावंच लागतं आणि तिथेही भोकं पडतात.

रेशीम आहे की नाही ते बघायचं तर पदराच्या गोंड्यातला एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. साडीलाच काडी लावून बघू नका, असं लिहावं लागतंय, कारण तसं केलेल्या साड्या आमच्याकडे रफूला आल्या आहेत.

आम्हाला फोटो पाठवणार असाल तर पदराच्या मागच्या बाजूचा, जवळून काढलेला पाठवा. सुलट बाजूच्या फोटोवरून कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. काठ मागून केसाळ आणि पदर मात्र स्वच्छ असेल तर प्रश्न १७ बघा.

५. पैठणीची जर सोन्याची असते का?

जुन्या साड्यांत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली जर असायची. आज बहुतेक साड्यांत तांब्यावर चांदीचा थर दिलेली जर असते आणि स्वस्त साड्यांत प्लास्टिकची. जर मुख्यत्वे सुरतेहून येते. हातमागाची, शुद्ध रेशमाची, पण तांब्याच्या जरीची पैठणी यात फसवणूक काहीच नाही, फक्त विकणाऱ्याने ते सांगायला हवं. सोन्याच्या मुलाम्याची जर म्हणून किंमत मागितली तर बिलावर तसं लिहून घ्या.

६. हातमागाची साडी एवढी महाग का? आणि घासाघीस करावी का?

विणकराची मजुरी डोळ्यासमोर येते, पण खर्च त्याच्या बराच आधी सुरू होतो. लड्या उकलायच्या, रंगवायच्या, ताणा घ्यायचा, कांड्या भरायच्या, वही (ताण्याचे धागे उचलणारे दोऱ्यांचे फास) आणि फणी यांतून एकेक धागा ओवायचा. जुना ताणा संपला की नव्या ताण्याचा प्रत्येक धागा जुन्या धाग्याला जोडायचा, त्याला सांधणी म्हणतात. कापडाचा पन्हा ४६ इंच आणि इंचाला १०० धागे धरले तर ४,६०० धागे होतात, तेही एकेक करून. हे काम बहुतेक घरातल्या बायका करतात आणि त्याची वेगळी मजुरी पुष्कळदा धरलीच जात नाही. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात ३५.२२ लाख विणकर आणि संलग्न कामगार नोंदले गेले. त्यांत सुमारे ७२ टक्के महिला आहेत.

साध्या बुट्ट्यांची, नारळी काठाची एकधोटी (एकाच धोट्याने विणलेली) साडी काही आठवड्यांत उतरते. पदर आणि अंग दोन्ही भरगच्च असेल तर अनेक महिने जातात. शुद्ध रेशमाची, हाताने विणलेल्या पदराची पैठणी कुणी चार-पाच हजारांत देत असेल तर पदर उलटा करून बघाच.

घासाघिशीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. दुकानात करायची तर करा. विणकराच्या दारात करू नका. तिथे कमी झालेला रुपया कुणाच्या नफ्यातून जात नाही, तो त्या घराच्या मजुरीतून जातो.

७. हातमाग मार्क, सिल्क मार्क, जीआय… यांतलं कोणतं बघायचं?

तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

सिल्क मार्क (२००४ पासून) एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. कापड हाताने विणलं की यंत्रावर, याच्याशी त्याचा संबंध नाही. पॉवरलूमवरच्या शुद्ध रेशमी साडीलाही हा मार्क लागू शकतो आणि त्यात खोटं काही नाही. पण "बघा, सिल्क मार्क आहे, म्हणजे हातमागाचीच" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

हातमाग मार्क (२००६ पासून) विणण्याबद्दल सांगतो. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नाव आणि ठिकाण यांच्याबद्दल आहे. पैठणीला ते २०१० मध्ये मिळालं. करवती साडीलाही आहे. याशिवाय १९८५ च्या कायद्याने काही वस्तू फक्त हातमागासाठी राखीव आहेत. सुरुवातीला अशा २२ होत्या, आता ११ आहेत आणि त्यांत ठरावीक प्रकारच्या साड्याही येतात.

मार्क नाही म्हणजे माल खोटा, असंही समजू नका. कितीतरी चांगले विणकर या नोंदणीच्या बाहेर आहेत. तिथे प्रश्न ४ मधली पारख कामाला येते.

८. पैठणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, हे खरं का?

पैठण तेवढं जुनं आहे, सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला जाणाऱ्या मालाची नोंद आहे, पण ती अकीकासारख्या दगडांची. कापडाची, मलमलीची नोंद आहे ती तगर गावाची, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची. म्हणजे या भागात विणकाम फार जुनं आहे हे पक्कं. पण आज आपण जिला पैठणी म्हणतो, तशी मोर, मुनिया (छोटे पोपट) आणि आसावली (फुलांची वेल) यांच्या नक्षीची रेशमी साडी बरीच अलीकडची. पेशवाईत पुण्याहून तिला मोठी मागणी होती. जाहिरातीत 'दोन हजार वर्षांची परंपरा' लिहिण्यापेक्षा एवढं लिहिलं तरी पैठणीचा मान कमी होत नाही.

९. हल्ली सगळीकडे खणाच्या साड्या दिसतात. त्या खऱ्या खणाच्या असतात का?

पारंपरिक खण चोळीसाठी विणला जायचा. पन्हा अरुंद, साधारण तीस-बत्तीस इंचांचा, अंगभर बारीक नक्षी आणि कडेला किनार. ओटीत जातो तो हाच. साडीच्या पन्ह्याचा खण ही अलीकडची कल्पना आहे आणि ती लोकांना मनापासून आवडली. पण बाजारात दिसणाऱ्या खणाच्या साड्यांपैकी पुष्कळ पॉवरलूमवरच्या, पॉलिएस्टर मिसळलेल्या असतात. हातमागाच्याही होतात, मागितल्या आणि थांबलात तर मिळतात.

डिझाइन शिकणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो की अरुंद पन्हा ही अडचण मानू नका. त्या पन्ह्यातूनच आकार काढा. कळीदार कुर्ता, पट्ट्या जोडून केलेलं जॅकेट, किनार मुद्दाम शिवणीवर आणलेली बाही यांत कापड जवळजवळ वाया जात नाही आणि किनारही दिसते. वैशाली शडांगुळे यांनी खणावर बरंच काम केलं आणि २०२१ मध्ये त्यांचे कपडे पॅरिसच्या हॉट कुट्यूर सप्ताहात दिसले. गुळेदगुड्डचं कापड तिथवर जाऊ शकतं, तर ते फक्त मोबाइलच्या पाऊचपुरतं ठेवायचं कारण नाही.

१०. मी डिझायनर आहे. माझं स्वतःचं डिझाइन हातमागावर विणून घ्यायचंय. सुरुवात कुठून करू?

आधी मागावर काय चढलंय ते बघा आणि मग डिझाइन करा. आमच्याकडे येणारे दहापैकी नऊ जण नेमकं उलटं करतात. संगणकावर नक्षी तयार, रंग ठरलेले, आणि मग "हे विणून देणारा विणकर सांगा."

ताणा बदलणं हे सगळ्यात खर्चाचं काम. नवा रंग, नवा काउंट (सुताची जाडी), नवा पन्हा म्हणजे वही-फणी बदलायची, सांधणी पुन्हा करायची आणि तेवढे दिवस माग बंद. शिवाय एकदा ताणा चढला की तो एका साडीचा नसतो, अनेक साड्यांचा असतो. म्हणून पहिल्या खेपेला ताण्याला हात लावू नका. विणकराच्या मागावर जो ताणा आहे तोच ठेवा आणि बाण्यात बदल करा. सुताच्या जागी टसर, बारीक बाण्याऐवजी जाड, दर चार इंचांनी रंग बदलून पट्टा, काठ नेहमीचा पण अंग कोरं. एवढ्यावरही कापड इतकं वेगळं उतरतं की विणकराला स्वतःलाच पुढचं सुचायला लागतं. आमच्या सगळ्यात जास्त खपलेल्या कापडांपैकी काही अशीच निघाली, चढलेल्या ताण्याच्या उरलेल्या दोन-तीन मीटरवर.

नक्षी द्यायची असेल तर ग्राफवर द्या. एक चौकोन म्हणजे आडवा-उभा एक धागा किंवा ठरावीक धाग्यांचा गट. गोल रेषा तिथे पायऱ्या होऊन येते. पैठणीच्या पद्धतीत दोन रंगांमधली लांब, सरळ उभी रेषा विणायला जिकिरीची असते, कारण प्रत्येक फेरीला दोन रंग त्याच जागी एकमेकांत अडकवावे लागतात. तिरकी रेषा सहज जाते. जुन्या नक्ष्यांत पानं, चोची, वेली इतक्या तिरक्या का, ते मागासमोर बसलं की लगेच कळतं. नक्षीत रंग वाढले की तिल्ल्या वाढतात आणि तिल्ल्या वाढल्या की दिवस वाढतात. पाच रंगांची नक्षी तीन रंगांत बसवता आली तर किंमत कुठे उतरली ते वेगळं शोधावं लागत नाही.

आता पैशाचं. नमुन्याचे पैसे द्या, नमुना नापसंत पडला तरी द्या. विणकराचा दिवस गेलेला असतो. ऑर्डरच्या वेळी सुताचे आणि जरीचे पैसे आगाऊ द्या, नाहीतर तो सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि तुमचं काम त्या व्यापाऱ्याच्या कामामागे जातं. मुदत ठरवताना पावसाळा धरा, कारण दमट हवेत खळ वाळत नाही आणि खड्डामागाच्या खड्ड्यात पाणीही येतं. सण, लग्नसराई आणि शेतीचे दिवसही धरा. "प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे" असं सांगून हातमागाचं काम होत नाही.

आणि कपड्याच्या लेबलवर विणकराचं नाव घाला, त्याला विचारून. काहींना ते हवं असतं, काहींना गावाचं नाव पुरतं.

११. फोनवर निवडलेला रंग विणून आल्यावर तसाच का दिसत नाही?

कारण कापडात एक रंग नसतो. ताण्याचा वेगळा, बाण्याचा वेगळा, आणि डोळ्याला दिसतो तो दोघांचा मिळून. रेशमात गुलाबी ताण्यावर हिरवा बाणा टाकला तर धूपछांव येते. कापड हललं की रंग हलतो. तीच जोडी सुतात टाकली तर लांबून करडट, मळकट दिसते, कारण सुताला ती चमक नाही. एकधोटी पैठणीत एकच धोटा काठापासून काठापर्यंत जातो, म्हणून अंगाच्या बाण्याचा रंग काठातही मिसळतो. काठ एकरंगी, लखलखीत हवा असेल तर कडियाल पद्धत सांगावी लागते. त्यात काठाचा ताणा-बाणा एकाच रंगाचा असतो आणि तो अंगाशी अडकवत विणतात. अर्थात वेळ आणि पैसे दोन्ही वाढतात.

रंग ठरवायचा तर सुताच्या लडीवरूनही ठरवू नका. चार इंच विणून मागवा आणि दिवसाउजेडी खिडकीपाशी बघा.

१२. नैसर्गिक रंगाचं कापड घ्यावं का? रंग जातो म्हणतात.

रंग कोणता यावर आहे. मंजिष्ठेचा लाल तुरटी लावून नीट बसवला तर वर्षानुवर्षं टिकतो. हिरडा, डाळिंबाची साल, कात हे सुद्धा भरवशाचे. नीळ धुण्यात टिकते, पण सुरुवातीला घासून लागते, तेव्हा पांढऱ्या सोफ्यावर नवी निळी साडी नेसून बसू नका. हळद मात्र उन्हात उडते. नुसत्या हळदीचा पिवळा 'पक्का' म्हणून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

१३. आजीची पैठणी कपाटात पडून आहे. कापून जॅकेट शिवू का?

साडी धड असेल तर आमचं उत्तर नाही असंच आहे, आणि त्यामुळे आमचं शिवणकाम हातचं जातं तरी चालेल. तशी साडी आज विणून घ्यायची म्हटली तर मिळेलच असं नाही.

आधी साडी तपासा. उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा बघा. जुनं रेशीम घडीवरच विरतं. घडी दोन बोटांत हलकेच चोळून बघा, सुरकुती पडण्याऐवजी कापड फाटल्यासारखं वाटलं तर ते शिवण पेलणार नाही. अशा साडीचं जॅकेट पहिल्या कार्यक्रमातच खांद्यावर उसवतं.

अंग विरलंय पण काठ-पदर मजबूत आहेत, असं पुष्कळदा होतं. मग काठ-पदर काढून नव्या रेशमावर लावता येतात आणि साडी साडीच राहते. हे आम्ही आनंदाने करतो. तेही शक्य नसेल तर पदर चौकटीत लावा, पण भिंतीवर उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी.

अंग आणि काठ दोन्ही गेले असतील तर जरूर कापा. मागे पातळ मलमल लावून आधार द्या, अस्तर घाला आणि पदराचा मोर मध्यावरून कापू नका. पदरात रंग एकमेकांत अडकवून विणलेले असतात. तिथे कात्री चालली की कडा लगेच सुटायला लागते.

जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे लोक दारावर येतात. ते जर वितळवतात. त्यांना साडी देण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा. जुनं विणकाम कसं असायचं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथे जुनी वस्त्रं आहेत.

१४. घराच्या सजावटीत हातमाग वापरायचाय. काय कुठे चालतं?

घोंगडी हे सध्याचं सगळ्यात दुर्लक्षित कापड आहे असं आम्हाला वाटतं. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, काळी-तपकिरी. रंगवायची गरज नाही. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर विणतात. धनगरांच्या खांद्यावर आणि वारीत आपण ती पाहिलेली असते, पण बैठकीच्या खोलीत जमिनीवर, भिंतीवर किंवा बाकाच्या गादीवर ती फार देखणी दिसते. अंगाला टोचते, म्हणून उशीच्या अभ्र्याला घेऊ नका. नवीन असताना वास येतो, तो उन्हात टाकल्यावर जातो. लोकरीला कसर लागते, म्हणून गुंडाळून माळ्यावर टाकू नका, वापरात ठेवा.

सोफ्याला जाड सुती हातमाग किंवा सतरंजी घ्या. साडीचं रेशीम सोफ्यावर टिकत नाही. पडद्याला रेशीम लावायचंच असेल तर आतून अस्तर हवं, नाहीतर पश्चिमेच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत ते विरतं. टसरचा दिव्यावरचा शेड मात्र एकदा करून बघाच, त्याचा मूळ रंग प्रकाशात खुलतो.

१५. हातमागाचं कापड शिंप्याकडे देताना काय सांगायचं?

सुती असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. ते आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर उपाय नसतो. पहिल्या पाण्यात रंग जाईल असं वाटलं तर वेगळं धुवा. रेशीम भिजवू नका.

शिंप्याला माया नेहमीपेक्षा जास्त सोडायला सांगा, निदान एक इंच. हातमागाची वीण तुलनेने मोकळी असते आणि घट्ट शिवणीवर धागे सरकतात. कडा ओव्हरलॉक करून मगच शिवायचं. ब्लाउज अगदी अंगाबरोबर नको. कापड मोजून देताना दोन्ही टोकांना पन्हा मोजा, त्यात अर्धा-पाऊण इंच फरक असू शकतो.

१६. पुण्याच्या पावसाळ्यात रेशमी साड्या कशा सांभाळायच्या?

मलमलीच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या कापडात बांधून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आत दमटपणा कोंडतो, जर काळी पडते आणि बुरशी येते. हँगरवर लटकवू नका, जरीच्या वजनाने रेशीम ताणतं. दोन-तीन महिन्यांनी घड्या बदला, नाहीतर घडीवर कापड विरतं. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा पुरचुंडीत ठेवल्या तर पुरतं. अत्तर किंवा परफ्यूम साडी नेसण्याआधी लावा, जरीवर फवारू नका. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सावलीत अर्धा दिवस पसरा. सुती साड्या ठेवणीत टाकताना खळ धुऊन टाका, कारण खळीला कसर लागते.

१७. मागाला जॅकार्ड लावलं असेल तर ती हातमागाची साडी राहते का?

हो. जॅकार्डचे पुठ्ठे ताण्याचे कोणते धागे उचलायचे तेवढं ठरवतात. माग चालवणारे हात-पाय विणकराचेच असतात. १९८५ च्या कायद्यात विजेवर न चालणारा माग तो हातमाग, अशीच व्याख्या आहे. येवल्यात आज कितीतरी साड्यांचे काठ जॅकार्डवर आणि पदर तिल्ल्यांनी हाताने, अशा मिश्र पद्धतीने विणले जातात. अशा साडीचा काठ मागून केसाळ असेल, पदर मात्र दोन्हीकडून सारखा. ती हातमागाचीच आहे. फक्त पूर्ण हातनक्षीच्या साडीचा भाव तिला लावू नये. मागाला मोटर बसवली की मात्र तो हातमाग राहत नाही, मग विणकर कितीही कसलेला असो.

१८. मी पैठणीचा मोर टी-शर्टवर, पिशवीवर छापून विकू शकतो का?

मोर, कमळ, आसावली, मुनिया या नक्ष्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या छापायला जीआय आडवं येत नाही. जीआय येतं ते नावावर. छापील कापड 'पैठणी' म्हणून विकता येत नाही. 'पैठणी प्रिंट' असं लिहून अर्धवट सुटका करून घेतात, ते आम्हाला पटत नाही, कारण गिऱ्हाईक पहिलाच शब्द वाचतं. एखाद्या विणकराने स्वतः रचलेली नवी नक्षी त्याच्या परवानगीशिवाय उचलणं मात्र सरळ चोरी आहे, मग ती व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही फिरलेली असो.

श्रेय द्यायचं तर आधीच द्या. २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा मूळ कुठलं ते सांगितलं नव्हतं. इथून ओरड झाल्यावर ते मान्य करावं लागलं. तो राग योग्यच होता. मग तोच नियम आपण पुण्यात बसून विकतो त्या पिशवीलाही लावायला हवा.

१९. विणकाम बघायचं, शिकायचं असेल तर पुण्याहून कुठे जायचं?

येवल्याला जा. नगर, शिर्डी, कोपरगाव करत पोचता येतं, सकाळी लवकर निघालात तर दुपारपर्यंत मागासमोर बसलेले असाल. घराघरांत माग आहेत. विचारून आत जा, फोटो काढण्याआधी पुन्हा विचारा, विशेषतः मागावर चढलेल्या नव्या नक्षीचे. पैठणला शेवगावमार्गे जाता येतं. तिथे महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे. पुण्यातच बघायचं असेल तर हिवाळ्यातली भीमथडी जत्रा गाठा, तिथे घोंगडीवाले भेटतात आणि बोलायला वेळही देतात.

शिकायचं असेल तर घरी चौकटीच्या छोट्या मागावर सुरुवात करा. पुण्यात अशा कार्यशाळा होत असतात. त्यातून पैठणी येणार नाही, पण ताण कसा धरायचा आणि कडा सरळ का येत नाही हे हाताला कळतं. व्यवसाय करायचा असेल त्यांनी मुंबई किंवा नागपूरच्या विणकर सेवा केंद्राशी बोलावं.

२०. विणून आलेल्या कापडात दोष दिसतोय. परत करू का?

दोष कोणता ते बघा. मधे एखादी गाठ, जाडसर धागा, बाण्याच्या नव्या लडीपासून रंगात सूक्ष्म फरक, काठाची किंचित लहर, पन्ह्यातला अर्ध्या इंचाचा फरक हे हातमागात येतं. ते धरून चाला. इरकलीत अंग आणि टोपपदर जिथे जोडलेले असतात, ती रेषा तर दोष नव्हेच. दोन वेगळे ताणे एकमेकांत अडकवून केलेली ती कोंडी आहे आणि इरकलीची ओळखच ती.

पण ताण्याचा धागा तुटून कापडभर उभी रेघ गेली असेल, बाणा विरळ-दाट होऊन आडवे पट्टे पडले असतील, एकाच बाजूचा काठ आत खेचला गेला असेल किंवा पहिल्याच पाण्यात काठाचा रंग अंगात उतरला असेल, तर परत करा. "हातमाग आहे, असंच असतं" हे उत्तर ऐकून घेऊ नका. चांगला विणकर ते उत्तर देतही नाही. कापड मिळाल्यापासून आठवड्याच्या आत, धुण्याआधी आणि फॉल-पिको करण्याआधी सांगा. फोटो दिवसाउजेडी काढा, शेजारी टेप ठेवून. रंग उतरल्याची तक्रार असेल तर कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून त्याचाही फोटो काढा, म्हणजे सूत कुणाकडे रंगवलं होतं ते विणकराला शोधता येतं.